सीट कुणाची

कुंभेरी शहरात रिक्षा ठिकाणाला जात नाही, माणसाकडे जाते.

स्टँडवर 'मारुती चौक' किंवा 'सरकारी दवाखाना' म्हणून काही उपयोग नाही. कुणाकडे जायचं ते नाव सांगायचं. सहा आसनी त्या माणसाच्या दारात उभी राहते, ड्रायव्हर हाक मारतो, आणि त्या माणसाने बाहेर येऊन 'आमचीच आहे' म्हटलं की सीट, म्हणजे आलेला माणूस, उतरते. तीन हाकांत म्हटलं नाही, तर सीट गाडीतच राहते, गाडी पुढे जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. सिटी बसलाही हाच नियम आहे, तिथं फक्त जास्त वेळ लागतो. बाहेरगावचे लोक या पद्धतीला नावं ठेवतात. पण चुकून परक्याच्या दारात उतरलेला एक पाहुणा कुंभेरीत दाखवा, मी मिशा उतरवून देईन.

मी स्वतः गेल्या आषाढापासून शिराज मुजावरच्या गाडीत पुढे बसून आहे. ज्या मेहुण्याकडे आलो तो रोज दारात येतो, हाक ऐकतो आणि 'बघतो' म्हणतो. 'बघतो' हे हो नाही आणि नाहीही नाही, त्यामुळे माझं काही ठरत नाही. तक्रार नाही, पुढची जागा हवेशीर आहे.

त्या दिवशी सकाळी स्टँडवर ललिता नावाची एक बाई चढली. पिशवी छातीशी धरलेली, डोळे सुजलेले.

"कुणाकडं जायचं, ताई?" शिराजने विचारलं.

"यशवंत कारंडे. माझा थोरला भाऊ." मग तिनेच सांगितलं, "आई आज-उद्याची सोबती आहे. शेजारणीचा फोन आला. जरा लवकर चला."

शिराजने गाडी लगेच काढली. एरवी तो सगळ्या सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्याबद्दल कुणाच्या बापाचं ऐकत नाही. वाटेत त्याने सगळ्यांना सांगतो तसा तिलाही नियम सांगितला. दारात सीटने आपणहून तोंड उघडायचं नाही. माणसं भिडेखातर हो म्हणून बसतात आणि मग जन्मभर पाहुण्याला बोल लावतात. विचारलं तरच उत्तर द्यायचं.

"ठाऊक आहे मला," ललिता म्हणाली.

कारंड्यांच्या दारात गाडी थांबली. घराच्या खिडकीतून औषधाचा वास येत होता आणि आत कुणीतरी कण्हत होतं.

"यशवंत कारंडे, सीट आलीय," शिराजने पहिली हाक दिली.

पन्नाशीचा, दाढी वाढलेला माणूस बाहेर आला. त्याने गाडीत पाहिलं आणि त्याचा चेहरा दगड झाला. "आमची नाही," तो म्हणाला.

ललिताने पदर तोंडात धरला. आतलं कण्हणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. दरवेळी ते थांबलं की मी खिडकीकडे कान लावत होतो, मग तिचं काय होत असेल.

"यशवंत कारंडे, सीट आलीय." दुसरी हाक.

"नाही म्हटलं ना एकदा. गाडी काढ."

शिराजने मुद्दाम घाम पुसायला वेळ घेतला. तिसरी हाक दिली की इंजिन चालू करावंच लागतं. उद्या म्हातारी असेल याची खात्री त्या गाडीत कुणालाच नव्हती. मला त्या यशवंताचा असा राग आला की मी उतरणारच होतो, पण मला उतरता येत नाही.

यशवंत वळला, आणि वळता वळता त्याला राहवलं नाही. "बापाच्या तेराव्याला तोंड दाखवलं नाहीस," तो म्हणाला, "आता कशाला आलीस?"

विचारलं होतं. ललिताने पदर काढला.

"आले होते, अण्णा. बाबा गेल्याचं कळलं तशी निघाले. स्टँडवर विचारलं, कुणाकडं? जन्मभर रामभाऊ कारंड्यांकडं असंच सांगत आले होते. तोंडातून तेच नाव गेलं. सांगितलेलं नाव पुन्हा बदलत नाहीत."

"खोटं."

"मीच फिरवलं त्यांना," शिराज म्हणाला. मी गाडीत बसायच्या आधीची ती गोष्ट होती. "रोज इथं आणत होतो. रामभाऊ कारंडे, सीट आलीय, म्हणून रोज तीन हाका देत होतो. चौदाव्या दिवशी यांचे मालक गावाहून येऊन परत घेऊन गेले, तेव्हा सीट रद्द झाली."

यशवंत जोत्यावर बसला.

"ऐकू येत होतं," तो हळू म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या नावानं कुणी हाका मारतंय, कुणीतरी चेष्टा मांडलीय असं वाटलं. मी दाराला आतून कडी घालायचो. आई म्हणायची, बघ तरी कोण आहे. मी उठू दिलं नाही तिला."

आतलं कण्हणं थांबलं होतं.

"यशवंत कारंडे," शिराजने तिसरी हाक नियमाप्रमाणे पूर्ण दिली, "सीट आलीय."

"आमचीच आहे," यशवंत म्हणाला. "तेव्हाही आमचीच होती."

"मागचं धरता येत नाही," शिराज म्हणाला. "आजची सीट उतरली. उतरा, ताई."

ललिता पिशवी गाडीतच टाकून धावली. यशवंत पिशवी घेऊन तिच्यामागे गेला. शिराजने इंजिन चालू केलं नाही, आणि मीही त्याला घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने आतून म्हातारीचा आवाज आला, अगदी बारीक.

"कुठं होतीस गं इतके दिवस?"

"दारातच होते, आई," ललिता म्हणाली.