तीन पाण्यांची काठी

गुरुवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी गुंडीचा बाबा दारातून आडवा होऊन आत आला. त्याच्या काखेत एक लांबलचक कापडी पिशवी होती. ती उभी धरली तर दिव्याला लागत होती आणि समोर धरली तर सासूबाईंना.

"हे काय आणलंत?" गुंडीच्या आईने विचारलं. विचारण्याआधी तिने गुंडीला जमिनीवरून उचलून कडेवर घेतलं होतं. घरात नवी वस्तू आली की तिचा नेम ठरलेला होता. आधी पोर उचलायची, मग तोंड उघडायचं.

"मासे धरायची काठी. बघ किती हलकी." त्याने पिशवीतून काठीचे दोन तुकडे काढले, एकात एक बसवले, मुठीजवळ छोटंसं रीळ अडकवलं आणि सगळं करंगळीवर तोलून दाखवलं. "राहते की नाही? आता ही चमकी बघ."

चमकी म्हणजे चमच्याच्या खोलगट भागाएवढा पितळी पत्रा. पाण्यात ओढला की मासा त्याला लहान मासा समजतो आणि झडप घालतो. पत्र्याच्या शेपटीला तीन टोकांचा गळ लोंबत होता. गुंडीच्या आईला पत्रा दिसलाच नाही, तिला टोकंच दिसली.

गुंडीचा बाबा मासेमारीच्या सामानाच्या दुकानात होता. दुकानात म्हणजे दुकानामागच्या गोदामात. लग्नाआधीपासून तो तिथे खोकी बांधत होता. काठ्यांची नावं, किमती, वजनं सगळं तोंडपाठ होतं, पण स्वतः मासा धरला नव्हता कधी (लहानपणी एकदा बादलीत धरला होता, पण तो दुसऱ्याने आणून सोडलेला). गोदामाला खिडकी नव्हती. तिथल्या धुळीने त्याला असा खोकला लागला होता की तो घरी आला हे दाराच्या आधी खोकल्यावरूनच कळायचं. आता काउंटरवरचा माणूस काम सोडून जाणार होता, आणि काउंटरवर खिडकी होती, पंखा होता, बसायला उंच स्टूल होतं.

"मालक म्हणाले, तीन पाण्यांत वापरून बघ. साठलेलं, वाहतं आणि खारं. रविवारी संध्याकाळी ते स्वतः खाडीच्या धक्क्यावर येणारेत. हा माल ठेवायचा की परत पाठवायचा ते मी सांगायचं. नीट सांगितलं तर काउंटर माझं."

गुंडीच्या आईने मनातल्या मनात त्या पंख्याला हात जोडले.

"मग टाकून दाखव की," सासूबाई म्हणाल्या. "नुसती काय करंगळीवर नाचवतोस."

इथे खरं म्हणजे कोणीतरी 'नको' म्हणायला हवं होतं. पण गुंडीचा बाबा खोलीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, रिळावरची तारेची कडी त्याने उघडली, बोटाने दोरा धरला आणि काठी अशी काही झोकात फिरवली की सासूबाईंनीही मान डोलावली. चमकी सोफ्यावरून गेली, दारातून गेली, स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीवरच्या दुधाच्या पातेल्यात डुबुक करून बुडाली.

"चौथं पाणी," सासूबाई म्हणाल्या.

तो घाबरून रीळ फिरवायला लागला. चमकी निघाली ती साय घेऊनच. पातेलं कलंडलं, अर्धं दूध शेगडीवर, उरलेलं फरशीवर, आणि चमकी ठिबकत, लोंबकळत परत बाहेरच्या खोलीत आली. येताना गुंडीच्या नाकासमोरून गेली. गुंडीने टाळ्या वाजवल्या.

गुंडीच्या आईने फडकं घेतलं. ती अशी फडकं घेऊन बसली की घरात सगळे जरा जपून चालायचे.

दूध पुसून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, त्या गळाला टोक असायलाच हवं का?"

"टोक नसेल तर मासा काय ओळखीखातर येणारे?"

"मी आपलं विचारलं."

आता या बाईबद्दल थोडं सांगायला हवं. गुंडी रांगायला लागली त्या दिवसापासून तिने घरातली सगळी टोकं मोडायला घेतली होती. टेबलाच्या कोपऱ्यांना जुने मोजे बांधलेले होते. पेन्सिली बोथट, कातरी गोल तोंडाची. मागच्या दाराच्या सिमेंटच्या पायरीवर तिने घरातल्या सगळ्या सुऱ्या उलट्या घासून ठेवल्या होत्या. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे टोमॅटो कापत नाहीत हो. त्याची समजूत घालावी लागते."

तेव्हा शुक्रवारी दुपारी, नवरा गोदामात आणि गुंडी झोपेत असताना, गुंडीची आई स्टुलावर चढली. कपाटावरून पिशवी काढली, चमकी सोडवली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिन्ही टोकं तिने एकेक करून घासली. मग स्वतःच्या गालावर टेकवून बघितली आणि पुन्हा घासली. फडक्याने पुसून चमकी होती तशी लावून ठेवली. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. माशाला कोण जवळून बघू देतंय, असं तिला वाटलं. मासा म्हणजे तोंड मिटलं की अडकला, एवढंच तिला ठाऊक होतं.

"काय घासतेस गं एवढं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"भांडं."

रविवारी सकाळी सगळे बागेतल्या तळ्यावर गेले. सगळे म्हणजे सगळेच, कारण नवऱ्याला पाण्याकाठी एकटं सोडायचं नाही आणि गुंडीला घरी ठेवायचं नाही, असं गुंडीच्या आईने ठरवलं होतं. गुंडीच्या कमरेला गाऊनचा पट्टा होता आणि त्याचं दुसरं टोक आईच्या मनगटाला.

पहिली फेक झाडात गेली. दुसरी बरोबर पाण्यात पडली. त्याने रीळ फिरवलं, पाण्याखाली काहीतरी चमकलं आणि काठी वाकली.

"आला," तो दबक्या आवाजात म्हणाला. काठी सरळ झाली. "गेला."

मग पुन्हा आला आणि पुन्हा गेला. तळ्यातल्या माशांना खबर लागली असावी की इथे फुकट गंमत आहे, एकामागून एक येऊन ते चमकीला धरत होते आणि सोडून देत होते. दुसरा कोणी असता तर त्याने गळाला बोट लावून बघितलं असतं. पण 'टोकास हात लावू नये' असं छापलेली खोकी गुंडीच्या बाबाने इतकी वर्षं बांधली होती, की त्याच्याच्याने ते होईना.

"मासे येतायत, चव बघतायत आणि नको म्हणून उठतायत," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. "सूनबाईच्या पहिल्या स्वयंपाकाची आठवण झाली."

"काठीतच दम नाही गं आई. फार मऊ आहे. मी झटका देतो तो माशापर्यंत पोचतच नाही." मग तो बायकोकडे वळला. "तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय माशांतलं," ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं. तिला माशांतलं कळत नव्हतंच. गळातलं तेवढं कळत होतं.

दुपारी ओढ्यावर तेच झालं. तिथले मासे घाईत होते, चमकीला धडका देऊन पुढे जात होते. पाण्यात पाय टाकून उभा राहिल्याने त्याला खोकल्याची उबळ आली, आणि तो खोकत असताना एक चांगला हातभर मासा वर उसळून, तोंड उघडून, सुटून गेला. गुंडीच्या आईने मनगटाच्या पट्ट्याला आणखी एक वेढा दिला. सांगावं का? सांगितलं तर हा रागावेल. रागावला तरी चालेल, पण हा रागवत नाही, नुसता गप्प बसतो आणि भांडी घासायला घेतो. ते तिला बघवायचं नाही.

खाडीकडे जाताना तो मालकांना काय सांगायचं ते घोकत होता. "काठी दिसायला देखणी आहे, पण कणा कच्चा. माल परत पाठवावा."

"अहो, काठीला नावं नका ठेवू," ती म्हणाली.

"का?"

"उगाच. बिचारी हलकी आहे."

त्याने बायकोकडे बघितलं. उन्हाचं लागलं असेल, असं त्याला वाटलं.

धक्क्यावर मालक घडीचं स्टूल टाकून बसले होते. अंगाने भरलेले, डोक्यावर टोपी, खिशात गळांची छोटी डबी. "टाक," ते म्हणाले. त्याने टाकली. मासा आला आणि गेला. पुन्हा टाकली. तसंच. गुंडीच्या आईने डोळे मिटून घेतले, पण कानांना पापण्या नसतात.

"काय मत?" मालकांनी विचारलं.

"मालक, काठी मऊ आहे. माल परत पाठवावा."

मालकांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "मागच्या आठवड्यात याच काठीने याच धक्क्यावर मी मासे काढलेत. काठी चोख आहे. मला तुझा हात बघायचा होता." ते थोडं थांबले. "माणूस तू चांगला आहेस. पण गिऱ्हाइकासमोर स्वतःचा दोष काठीवर ढकलशील तर दुकान कसं चालायचं? काउंटरचं पुढे कधीतरी बघू."

गुंडीचा बाबा "बरं" म्हणाला. एवढंच. मग त्याने काठी अलगद कठड्याला टेकवून ठेवली, जशी काही तिचीच माफी मागत होता. चमकी कठड्यावरून खाली लोंबली. बरोबर गुंडीच्या उंचीला.

गुंडीने ती मुठीत धरली आणि तोंडात घातली.

मालक उठले तसं स्टूल पडलं. सासूबाईंनी छातीला हात लावला. गुंडीचा बाबा नुसता दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. गुंडीची आई खाली सांडलेले बिस्किटाचे तुकडे वेचत होती. तिने वर बघितलं.

"गुंडी, छी. तोंडात नाही घालायचं. खारट आहे ते." आणि तिने तुकडे वेचायचं काम पुढे चालू ठेवलं.

गुंडीने चमकी चोखली, तोंड वाकडं केलं आणि सोडून दिली. कुठे ओरखडा नाही.

गुंडीचा बाबा हळूहळू बायकोकडे वळला. "अगं, परवा हिने लाकडी चमचा तोंडात घातला तर तू दवाखान्यात निघाली होतीस."

तिने आणखी एक तुकडा वेचला.

"आत्ता ओरडली का नाहीस?"

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "शुक्रवारी मागच्या पायरीवर घासत होती ते भांडं नव्हतं म्हणायचं."

गुंडीची आई उभी राहिली. मनगटाला पट्टा, पट्ट्याच्या टोकाला गुंडी. ती मालकांकडे बघून बोलली, कारण नवऱ्याकडे बघून बोलता येईना. "काठी चांगली आहे. हातही चांगला आहे. टोकं मी घासली. दूध सांडलं त्या दिवशी पोरीच्या नाकासमोरून गेलं हो ते. काउंटर यांचं जाऊ देऊ नका. गोदामात फार खोकतात."

मालकांनी गळ अंगठ्यावर दाबला, मग तळहातावर दाबला. "वहिनी, याने लोणीसुद्धा धरलं जाणार नाही." मग गुंडीच्या बाबाला म्हणाले, "आणि तू दिवसभर असल्या गळावर मासे आणत होतास? येत होते ते?"

"येत होते. राहत नव्हते."

"टोकाशिवाय मासे बोलावतोस, आणि मी तुला हात नाही म्हणालो." त्यांनी डबीतून नवा गळ काढून चमकीला लावून दिला. गुंडीची आई गुंडीला घेऊन धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून उभी राहिली. पाठीमागून रिळाचा किरकिराट ऐकू आला, तो थांबेना. तिने वळून बघितलं तेव्हा ती करंगळीवर राहणारी काठी धनुष्यासारखी वाकली होती, आणि नवरा हसत होता आणि खोकत होता.

"उद्यापासून काउंटरवर बस," मालक म्हणाले. "आणि तो घासलेला गळ मला दे. काउंटरवर दाखवायला ठेवू. गिऱ्हाइकांची बोटं वाचतील."

घरी येईपर्यंत गुंडीची आई अगदी ताठ चालत होती. दुकानात तिच्या हातचा गळ मांडणार होते, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. सासूबाईसुद्धा तिच्या पिशवीचा एक बंद धरून चालत होत्या.

मासा ओट्यावर ठेवला. नवऱ्याने सुरी घेतली. सुरी माशावरून घसरली. दुसरी घेतली, ती वाकली. कातरीने मासा नुसता चेपला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"याचीही समजूत घाल आता," त्या म्हणाल्या.

शेवटी मासा अख्खाच शेजारणीकडे गेला आणि घरात सगळ्यांनी पाव दुधात बुडवून खाल्ला. पाव हाताने तुटतो, हे एक बरं.

तर तुमच्या भागात सुऱ्यांना धार लावणारा कोणी फिरत असेल, तर त्याला आमच्या गल्लीचा निरोप तेवढा द्या. मागच्या दाराने ये म्हणावं, दुपारी, गुंडी झोपलेली असताना. बोलावलंय गुंडीच्या आईनेच, पण हे सासूबाईंच्या कानावर जायला नको. आणि तिने मुद्दाम सांगितलंय, धार जरा बेताचीच लाव म्हणावं.