अण्णांचा एका ओळीचा ठराव

अण्णा केतकरांच्या घरी आमटीऐवजी कढी करायची तरी आधी ठराव लागे. "पहिलं वाचन झालं का?" असं ते पाटावर बसता बसता विचारत. "झालं. आता सिनेटनं मुकाट्यानं जेवावं," म्हणत काकू कढी वाढत.

श्रीवर्धनच्या शाळेत अण्णा भूगोल शिकवत, मी गणित. त्यांना हे वेड लागलं ते पांडू कोळ्यामुळे. मॅट्रिकच्या पेपरात भरतीच्या वेळेवर प्रश्न आला होता. "डोळ्यांनी पाहिलंयस तेच लिही," असं अण्णांनी त्याला बजावलेलं. पांडूने बंदरावरचा हिशेब लिहिला: पुनवेला भरती भर दुपारी, अष्टमीला दिवेलागणीच्या सुमारास. भूगोलात चार गुणांनी गेला आणि बापाच्या होडीवर चढला. अण्णांनी विद्यापीठाला विचारलं, तर उत्तर आलं की अभ्यासक्रमात तारखा आहेत, तिथी नाहीत.

मग अण्णांनी दुरुस्ती सुचवली. एकच ओळ: भरतीची वेळ तिथीवरून सांगितली तरी गुण द्यावेत.

अभ्यासमंडळ म्हणालं, आधार कुठल्या पुस्तकाचा? अण्णा वर्षभर बंदरावर घड्याळ घेऊन बसले आणि वही भरून पाठवली. मंडळाने मान डोलावली. मग विद्याशाखेने विचारलं, घाटावरच्या मुलांचं काय? तिथून सुटलं ते सिनेटपुढे गेलं, तर अण्णांच्या ठरावाआधीच्या विषयावरच सभा तहकूब झाली. प्रत्येक पत्र ते आम्हाला गंभीरपणे वाचून दाखवत आणि आम्ही मास्तर लोक तोंड फिरवून हसत असू. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

सातव्या वर्षी मंजुरीचा छापील कागद आला. अण्णांनी कोट चढवला, पगडी घातली आणि थेट कोळीवाडा गाठला. गंमत बघायला मीही मागोमाग गेलो.

पांडू जाळं विणत बसला होता. अण्णांनी उभ्यानेच कागद वाचला.

"आता मी कुठं परीक्षेला बसू, मास्तर?" तो ओशाळून म्हणाला. "दोन पोरं हायती मला."

"बसायला नको रे." अण्णांनी कागदाची घडी घातली. "तुझं उत्तर बरोबर होतं. एवढंच सांगायला आलो."

पांडूने जाळं बाजूला सारलं.

"ते मला तवाच ठाव व्हतं, मास्तर. तुमीच उगा इतकी वर्सं जिवाला लावून घेतलंव."

अण्णा कोटासकट मटकन वाळूत बसले. पांडूने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि सात वर्षं ज्यांना मी नुसतं हसत होतो ते अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून रडायला लागले.