दोन मिनिटांत घरगुती फोटो

सलोनीच्या साखरपुड्याला आठवडा उरलेला असताना तिच्या भावानं, म्हणजे मितेशनं, घरातली एकुलती एक न्हाणी काळे पडदे लावून बंद केली आणि आत झटपट फोटोची फिल्म बनवायला घेतली. त्याची बायको राजश्री तेव्हापासून मागीलदारी जुन्या साडीचा आडोसा करून अंघोळ करत होती आणि नवऱ्याच्या अकलेचा रोज नव्यानं उद्धार करत होती.

"बाजारात मिळते ना ती फिल्म?"

"मिळते. पण ती कंपनीची." 'कंपनीची' म्हणताना मितेशनं असं नाक मुरडलं, जसं मांडवी बंदरावरचं माणूस फ्रीजमधल्या पापलेटाला मुरडतं.

कृती म्हणे अगदी साधी. सिल्व्हर नायट्रेट लावलेला कागद, त्यावर औषधांची खळ, वर दुसरा कागद, आणि दोन्ही दाबून काढायला राजश्रीचं शेवयांचं यंत्र. खळ दाट व्हावी म्हणून तिच्या डब्यातली तवकीलही त्यात गेली होती. आतापर्यंतचा सगळ्यात यशस्वी फोटो करपलेल्या घावनासारखा आला होता. मितेशची बोटं मात्र झकास काळी झाली होती. मिरजोळ्याला तो कामाला होता त्या कारखान्यात लोक विचारत, "काय रे, दहाही बोटांनी मत दिलंस काय?"

"साखरपुड्यात तरी हे नको," राजश्री म्हणाली. "नवऱ्यामुलाकडची हातखंब्याची हॉटेलवाली माणसं हायत. त्यांच्यापुढे नाक कापू नका."

"अगो, दोन मिनटांत फोटो हातात देईन. बघतच राहतील!"

बघत राहिली खरी. अंगठ्या घालून झाल्यावर मितेशनं सलोनी, नवरामुलगा दीपेश आणि त्याची आई कमळाताई यांना अंगणात उभं केलं, फोटो काढला, न्हाणीत जाऊन यंत्राचा दांडा फिरवला आणि ओला कागद नाचवत बाहेर आला. कागद काळाकुट्ट होता.

"थांबा, उमटतोय," तो म्हणाला.

पाहुण्यांनी कागद हातोहात फिरवला. कमळाताईंनी तो जरा जास्तच वेळ धरला, आणि त्याच ओल्या हातांनी सुनेच्या नि मुलाच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

अंगणात उन्हातच पंगत बसली. मठ्ठा वाढताना राजश्रीला सलोनीच्या गालावर चार काळी बोटं दिसली. मग दीपेशच्या गालावर. मग कमळाताईंच्या कानशिलांवर. फोटो कागदावर उमटत नव्हता, तो पाहुण्यांवर उमटत होता.

"माझ्या पोराला साखरपुड्यातच थोबाडलं, असं गावभर होईल!" कमळाताई कडाडल्या. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली. डाग जागचे हलले नाहीत. "जातात कधी हे?"

"कातडी बदलली की," मितेश प्रामाणिकपणे म्हणाला. "लग्नापर्यंत नक्की जातील, काकी."

"कसलं लग्न? असल्या बिनडोक माणसाच्या घरात सोयरीक करायची आम्ही?"

सलोनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राजश्री आठवडाभर नेमकं हेच म्हणत होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क तिच्या एकटीचा होता. तिनं तो काळा कागद उचलला आणि विहीणबाईंपुढे धरला.

"बिनडोक? नीट बघा तरी! किती झकास आलाय. ही सलोनी, हे दीपेशराव, आणि ह्या पैठणीत तुम्ही. आता कुणाची नजर अधू झाली असली तर नाय दिसणार."

कमळाताईंनी चष्मा पुसला. कागद लांब धरला, जवळ धरला. चष्म्यातूनही धड दिसत नसल्याचं त्यांनी सख्ख्या बहिणीलाही कधी कळू दिलं नव्हतं.

"दिसतंय की," त्या शेवटी म्हणाल्या. "माझा पदर तेवढा वाकडा आलाय."

मग सगळ्यांनाच दिसू लागलं. एका काकांना तर मागचा माडसुद्धा दिसला. असल्या बैलांपुढे आपण आठवडाभर उगाच घाबरलो, असं राजश्रीला वाटलं आणि तिनं सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात मितेश कॅमेरा घेऊन ओशाळा होत पुढे आला. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"काकी, त्यात काय दिसणं शक्यच नाय. लेन्सचं झाकण काढायचंच राहिलं."

राजश्रीनं डोळे मिटून घेतले.

कमळाताईंनी झाकणाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, भोवतीच्या पाहुण्यांकडे पाहिलं. मागे फिरायला वाट उरली नव्हती.

"झाकण लावून एवढा सुरेख आला?" त्या म्हणाल्या. "मग लग्नाचे सगळे फोटो ह्यांनीच काढायचे!"