वरची उजवी, खालची डावी

दाजी म्हणजे कवळ्या बनवणारा माणूस. दंतवैद्य तोंडाचे माप पाठवतात आणि दाजी आपल्या कार्यशाळेत बसून त्यावर असे दात बसवतात, की घालणाऱ्याच्या सख्ख्या बायकोलाही फरक कळू नये. दिवसभर नकली दात घडवणारा हा माणूस संध्याकाळी गाड्यांच्या क्लबात गेला की मात्र नकली या शब्दानेच पेटायचा. विशेषतः नकली चाकं. मोठ्या कंपनीच्या नामांकित अलॉय चाकांची हुबेहूब नक्कल करून निम्म्याहून कमी किमतीत विकतात ना, ती.

"डोळे बांधा माझे," दाजी म्हणायचे. "गाडी फक्त शंभर पावलं चालवू द्या. असली की नकली, स्टिअरिंग माझ्या कानात सांगतं."

त्यांना दाजी हे नाव पडलं मेहुण्यामुळे. बायकोचा हा धाकटा भाऊ चाकांची अलाइनमेंट करून देण्याचं दुकान चालवतो, त्यांना दाजी म्हणतो, म्हणून सगळा क्लब दाजी म्हणतो. मेहुण्याच्या स्वतःच्या गाडीला बिनदिक्कत नकली चाकं होती आणि घाट चढण्याच्या वार्षिक शर्यतीत तो दरवर्षी पहिल्या पाचात यायचा.

"दाजी, चाकाला काय कळतंय त्याचे आईबाप कोण ते," तो म्हणायचा.

"तडा जाईल एक दिवस, मग कळेल," दाजी म्हणायचे, आणि चहा गार होईपर्यंत वाद चालायचा.

वादात दाजी कधी हरले नाहीत. शर्यतीत मात्र सलग दोन वर्षं शेवटचे आले होते. आणि क्लबाचा नियम असा, की तीन वर्षं ओळीने शेवटी येणाऱ्याने चौथ्या वर्षापासून गाडी घरी ठेवायची, नारिंगी जाकीट घालायचं आणि वळणावर झेंडा धरून उभं राहायचं. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून हा माणूस त्या घाटाची स्वप्नं बघत आला होता. बाजूला उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्यांचा धूर खाणं त्यांना जमणारं नव्हतं.

म्हणून यंदा ते हट्टालाच पेटले. दोन वर्षांच्या सहली रद्द करून त्यांनी चार अस्सल चाकं आणली. ती इतर कुणाच्या चाकांत मिसळू नयेत म्हणून त्यांनी धंद्यातली नेहमीची युक्ती केली. कवळीच्या आतल्या बाजूला जसं पेशंटचं नाव बारीक कोरतात, तसं प्रत्येक चाकाच्या आतल्या अंगाला स्वतःचं नाव कोरलं. हाताला सवय जी लागली ती लागली. पुढच्या दोन चाकांवर 'वरची उजवी', 'वरची डावी' आणि मागच्या दोन चाकांवर 'खालची उजवी', 'खालची डावी' असं लिहूनच ते थांबले.

"अहो, रात्री पेल्यात पण बुडवून ठेवणार आहात का?" बायकोने विचारलं.

शर्यतीच्या सकाळी एकोणीस गाड्या पायथ्याशी उभ्या होत्या. एकेकाने एकट्याने घाट चढायचा, घड्याळ वेळ मोजणार, प्रत्येकाला दोन संधी, त्यातली चांगली वेळ धरायची. बायको शेवटच्या रेषेवर वेळा टिपायला बसली होती. झेंडा पडला आणि दाजी निघाले.

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे दगडी कठडा दिसला. कठड्याचे ते खडबडीत दगड आणि आपली ती चकचकीत चाकं यांच्यात हातभराचं अंतर पाहून दाजींचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दुसऱ्या वळणावर खडी होती, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या वळणावर खड्डा होता, तर दाजी जवळजवळ थांबून त्याला वळसा घालून गेले. झेंडेवाल्याने गाडी बंद पडली समजून धक्का द्यायला हात पुढे केले.

"चार मिनिटं बारा सेकंद," बायको म्हणाली. "मधे कुणाला भेटायला उतरला होतात का?"

एकोणिसावा नंबर. पायथ्याशी परत आल्यावर दाजी गाडीतून उतरलेच नाहीत. मेहुणा खिडकीशी आला.

"दाजी, राग मानू नका. तुम्ही गाडी चालवत नाही, चाकं सांभाळताय. माझ्या टेम्पोत ह्याच डिझाइनचा नकली सेट पडलाय. लावू का? आपटली तरी जिवाला लागणार नाही."

दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. पण समोर क्लबाचे सेक्रेटरी नारिंगी जाकीट झटकून घडी घालत होते. जाकीट दाजींच्याच मापाचं दिसत होतं.

"लाव," दाजी कसेबसे म्हणाले. "पण ताडपत्रीआड. कुणी बघता कामा नये. आणि मीही बघणार नाही. मला बघवणार नाही."

ते खरोखरच पाठ करून ताडपत्री धरून उभे राहिले. मागून जॅकची करकर, पान्याचा खणखणाट आणि मेहुण्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. एकेका आवाजासरशी त्यांना आपलाच दात उपटल्यासारखं होत होतं.

"झालं, दाजी. जा आता, मनाला येईल तशी हाणा."

आणि दाजींनी हाणली. आता जपायचं काही नव्हतंच! पहिलं वळण त्यांनी दातओठ खात घेतलं. दुसऱ्या वळणाच्या खडीतून गाडी आडवी गेली तरी पाय उचलला नाही. तिसऱ्या वळणावरचा झेंडेवाला झेंडा टाकून कठड्यामागे गेला. चौथ्या वळणावर उजवीकडची दोन्ही चाकं दगडाला अशी घासली की ठिणग्या उडाल्या. दाजी मोठ्याने म्हणाले, "घास, घास, नकलीच आहे!"

"दोन मिनिटं एकावन्न," बायको म्हणाली आणि पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग तिने वही बाजूला ठेवून नवऱ्याचा हात घट्ट धरला.

सगळ्यांच्या फेऱ्या संपून क्लब वर जमला, तेव्हा दाजींचा नंबर लागला अकरावा. दाजींचे डोळे भरून आले. त्या भरात त्यांनी सेक्रेटरींच्या हातातला माइक घेतला. "मित्रहो, आज मी शब्द मागे घेतो. ही चाकं नकली आहेत. मला पहिल्याच वळणावर जाणवलं, स्टिअरिंगमध्ये एक पोकळपणा येतो, तो आमच्यासारख्यांनाच कळतो. पण ह्याच नकली चाकांनी मला वर आणलं. मेहुणा बरोबर होता, मी चूक होतो."

टाळ्या पडल्या. मेहुणा मात्र टाळ्या न वाजवता बुटाची नाडी सोडून परत बांधत होता.

कठड्याला घासलेली गाडी तपासल्याशिवाय खाली सोडायची नाही, हाही क्लबाचा नियम. सेक्रेटरींनी पुढचं चाक काढलं, तडा शोधायला उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि शेजारी उभ्या दाजींच्या हातातला माइक चालूच असल्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"दाजी, हे आत 'वरची उजवी' असं काय लिहिलंय?"

दाजींची दातखीळ बसली. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"दहा मिनिटांत चार चाकं कुठली बदलून होतायत, दाजी?" मेहुणा हळूच म्हणाला. "आणि टेम्पोत सेट नव्हताच. मी नुसते नट सैल केले आणि परत आवळले."

त्यावर क्लबाने जे दात काढले, ते दाजींनी आयुष्यात बनवलेल्या दातांपेक्षा जास्त भरले असते.

मेहुण्याशी ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चाकं कार्यशाळेतल्या टेबलावर घेऊन बसले. घासलेल्या कडांचे टवके भरायला त्यांच्या हाताशी होता तोच कवळीचा मसाला त्यांनी वापरला. कोरून, भरून, घासून, रात्रभर सुकवून चाकं अशी गुळगुळीत केली की बोट फिरवलं तरी सांधा कळू नये. फक्त रंग तेवढा गुलाबी राहिला.

पुढच्या बैठकीला एक नवा सभासद गाडीपाशी वाकून बघत होता. "दाजी, ही असली की नकली?"

दाजींनी खाली बसून चाकाला टिचकी मारली, कान लावला आणि खाली मान घालून म्हणाले, "चाक असली आहे. हिरडी नकली."