ओडमचा एखादा छोटासा दोष

"एकच वाक्य?" कोच हॉस्टेटलर कडाडले. "अख्ख्या गावाला मिळून एकच वाक्य सुचलं?"

"सुचलं कुठं? तूच दिलं होतंस," लॉरेटा त्यांच्या पुढ्यात ऑम्लेट ठेवत म्हणाली. ही खानावळ तिची, आणि ती कोचची शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे ती त्यांच्या संतापाला भीक घालत नसे. "'पोरगा जिममध्ये सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो.' मी तर पाठ केलं होतं बाई."

"पाठ करायचं होतं, पण पोपटासारखं म्हणायचं नव्हतं!"

संताप यायलाच हवा होता. वॉलनट फोर्कच्या त्या एवढ्याशा कॉलेजात सत्तावीस वर्षांत व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा एकही माणूस फिरकला नव्हता. मोठ्या विद्यापीठांत नुसतं कुणी शिंकलं तरी चार जण वही घेऊन धावतात, आणि इथं इंडियानाच्या शेतांमध्ये पोरं घाम गाळून मरतात त्यांचं काय? मार्क्विस ओडम आला तेव्हा मक्याचं वाळकं ताट होता नुसता. त्याचा चेंडू बास्केटच्या कडीला लागायचा नाही, बाजूला बसलेल्या बँडवाल्यांना लागायचा. कोचनी त्याला चार वर्षं रोज सहा अंडी खायला घातली, वजनं उचलायला लावली आणि उन्हाळ्याच्या सुटीत दिवसाला पाचशे वेळा चेंडू टाकायला लावला. मधल्या काळात दोन बड्या विद्यापीठांनी त्याला फितवायचा प्रयत्न केला. पोरगं हललं नाही. आता ते शेवटच्या वर्षाला होतं, सामन्यामागं पंचवीस गुण काढत होतं, आणि या वसंतात संधी हुकली तर पुढं घरच्या टायरच्या दुकानात बसणार होतं.

आणि अखेर पुलास्की आला. मोठ्या संघासाठी पोरं हेरणारा हा माणूस शनिवारचा सामना बघायचा म्हणून गुरुवारीच गावात उतरला, कारण ही मंडळी खेळ नंतर बघतात. लग्नाआधी मुलाची चौकशी करावी तशी आधी गावभर चौकशी करतात. पोरगा राहतो कुठं, जेवतो कुठं, केस कापतो कुठं, सगळीकडे जाऊन विचारतात. हे कोचना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी आठवडाभर आधी गावाची तयारी करून घेतली होती. आणि त्याच संध्याकाळी पुलास्की त्यांना म्हणाला होता, "कोच, चार दारं ठोठावली. चारही ठिकाणी तेच वाक्य, तसंच्या तसं. तीस वर्षं हे काम करतोय मी. एवढं पाठांतर असलं की मागं काहीतरी शिजत असतं."

"आता काय करायचं मग?" लॉरेटानं विचारलं.

"उद्या तो पुन्हा फिरेल. तेव्हा एखादा दोष सांगा त्याचा. छोटासा! पोरगा माणूस वाटला पाहिजे. सगळ्यांना निरोप दे."

"कुठला दोष?"

"तोही मीच सांगू? पुन्हा पाठ करायचंय का तुम्हाला?" असं म्हणून कोच ऑम्लेट अर्धवट टाकून तरातरा निघून गेले.

लॉरेटानं निरोप दिला आणि गावानं तो मनावर घेतला. वॉलनट फोर्कचे लोक तसे फार मदतीचे.

शनिवारी सामन्याआधी पुलास्की कोचच्या खोलीत शिरला आणि दार लावून वही उघडून बसला.

"तुमचा न्हावी म्हणतो, पोरगा जरा तापट आहे. एकदा खुर्चीतून उठून गेला."

"कल्ला एका बाजूनं कापला होता त्यानं! मी असतो तर कात्री घेतली असती हातात!"

"घरमालकीण म्हणते, रात्री कधी येतो पत्ता नसतो. खानावळीतल्या बाई म्हणतात, सकाळी लवकर उठत नाही."

"अहो, तो पहाटे सहाला माझ्यासमोर असतो!"

"ग्रंथपालबाई म्हणतात, नेलेली वस्तू परत करत नाही. पाद्री म्हणतात, चर्चमध्ये दिसत नाही, पण देव क्षमाशील आहे." पुलास्कीनं वही मिटली. "तापट, निशाचर, आळशी, उचल्या आणि नास्तिक. कोच, हा फॉरवर्ड आहे की तुरुंगातून पळालेला कैदी?"

हॉस्टेटलर लालबुंद झाले. एक पुस्तक! एक पुस्तक नऊ दिवस उशिरा दिलं तर चोर? आणि रविवारी सकाळी पाद्र्यांच्याच मुलाला तो फ्री थ्रो शिकवतो, ते नाही सांगितलं त्या महात्म्यानं! पण हे सगळं आपल्याच निरोपावरून झालं, हे बोलायची सोय नव्हती. ते तरातरा बाहेर पडले, आणि तो सगळा राग त्यांनी पंचावर काढला. चौथ्याच मिनिटाला त्यांना ताकीद मिळाली आणि समोरच्या संघाला फुकटचा फ्री थ्रो.

ओडमला यातलं काही शिवलं नाही. त्यानं एकतीस गुण काढले. शेवटच्या मिनिटाला बदली झाल्यावर तो मुकाट्यानं बाकावर बसला आणि शेजारच्या पोराला टॉवेल दिला.

सामना संपल्यावर पुलास्कीनं त्याला कोचच्या खोलीबाहेरच्या बोळात गाठलं. दहा मिनिटं दोघं बोलत होते. कोच दाराच्या काचेला नाक लावून उभे होते. ओडम काहीतरी सांगत होता, पुलास्की हसत होता. कैद्याशी बोलताना कुणी हसतं का? कोचचा जीव टांगणीला लागला.

शेवटी पुलास्की आत आला. "आमच्या संघाच्या उन्हाळी शिबिराला बोलावतोय त्याला. गावाचं सगळं बाद केलं मी. शेवटी त्यालाच विचारलं, बाबा रे, तुझ्यात काय कमी आहे? पहिल्याच फटक्याला खरं बोलला."

"काय बोलला?"

"डाव्या हातानं चेंडू खेळवत पुढं जाता येत नाही. मलाही तेच दिसलं होतं. तुम्ही सगळ्या चाली उजवीकडून रचून ते झाकता, एवढंच. हरकत नाही, आमचे लोक शिकवतील. दोन महिन्यांचं काम."

तो गेला. आनंदानं नाचायचं सोडून हॉस्टेटलर तणतणत कोर्टवर आले. "ओडम! चार वर्षं राबलो मी तुझ्यासाठी, आणि परक्या माणसाला सांगतोस की मी तुला डावा हात शिकवला नाही?"

"तुमचं नाव नाही घेतलं, कोच. लॉरेटामावशीचा निरोप होता, एखादा दोष सांग म्हणून."

"छोटासा म्हटलं होतं!"

"छोटासाच आहे. दोन महिन्यांचं काम आहे म्हणाले ते."

"दोन महिने! मी पंधरा दिवसांत शिकवतो! इकडं आण तो चेंडू! बघ, डावीकडं असं झुकायचं, नजर वर ठेवायची आणि..."

दुसऱ्याच टप्प्याला चेंडू कोचच्या स्वतःच्या बुटावर आदळला आणि गडगडत थेट बाकांखाली गेला.

ओडमनं नजर चटकन छताकडे वळवली आणि म्हणाला, "मी आणतो, कोच."