सतरा नंबरचे रक्त

माणसाची पारख करणे हे अत्यंत नाजूक काम असून ते रक्तावर सोपवलेले बरे, असे आमच्या खात्याचे मत आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही (आम्ही अकरा वर्षे त्याची मनधरणी केली). म्हणून त्याची प्रथिने आम्ही आडमार्गाने तयार करतो, कागदी पट्टीवर ओळीने बसवतो आणि त्यांवर रुग्णाचा रक्तद्रव सोडतो. रक्तातली प्रतिपिंडे ज्या प्रथिनाला चिकटतात, तिथे रंग उमटतो. रक्ताने जंतूची खूण पटवली असे समजून पुढे आम्ही निबंध लिहितो.

एकशे चार रुग्णांत सतरा नंबरचे रक्त सर्वांत हुशार निघाले. बारांपैकी नऊ प्रथिने त्याने अचूक ओळखली. त्याच्या जोरावर मला बढती मिळाली. सतरा नंबरला मी कधी पाहिले नव्हते (तशी तरतूद नाही).

एका मंगळवारी सकाळी एक वयस्कर गृहस्थ दारात आले. घड्याळं दुरुस्त करतो, म्हणाले. आमचे भिंतीवरचे घड्याळ महिनाभर बंद होते. मी त्यांना पुढे काही बोलूच दिले नाही, थेट स्टुलावर चढवले. दहा मिनिटांत घड्याळ चालू झाले. मी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले, माझ्या कपातला अर्धा चहा त्यांना दिला.

चहा संपवून ते म्हणाले, "साहेब, मी घड्याळासाठी नव्हतो आलो. नऊ वर्षांपूर्वी बरा झालो, तेव्हाचं माझं रक्त तुमच्याकडे आहे म्हणे. सतरा नंबर. त्यात काय निघालं, तेवढं विचारायचं होतं."

बऱ्या झालेल्या रुग्णाला हात लावल्याने काहीही होत नाही, हे वाक्य मी जाहीर व्याख्यानांतून त्रेचाळीस वेळा उच्चारले आहे. चव्वेचाळिसाव्यांदा ते मनात उच्चारत मी हात धुवायला गेलो. तीनदा धुतले (नियमात दोनदाच आहे; तिसरी वेळ हे माझे संशोधन).

परत येऊन मी त्यांना नऊ प्रथिनांची माहिती गंभीरपणे दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"मनगटाला साबण राहिलाय," ते म्हणाले आणि त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

वाळेल आपोआप, असे मी म्हणालो. ते पिशवी उचलून निघून गेले.

वाचकहो, मला अवश्य हसा. फक्त तो माणूस सतरा नंबर निघाल्याबरोबर तुम्ही मनातल्या मनात त्याची बोटं मोजलीत की नाही, तेवढं सांगा.