नानांचा लॅपटॉप मी साफ केला

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा! सिंगापूरला पाया लेबार भागातल्या एका कंपनीत मी आयटी मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे काय, तर दिवसभर मीटिंगा घेतो आणि रंगीत स्लाइड्स दाखवतो. प्रत्यक्ष कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून मला कैक वर्षं झाली. पण हे सासरवाडीला कोण सांगणार? तिकडे मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. पुण्यात कुणाचा प्रिंटर अडकला तरी फोन मला येतो आणि मीही मोठ्या ऐटीत "बंद करून परत चालू करा" असं सांगतो.

माझे सासरे दीनानाथ, म्हणजे आमचे नाना, या खेपेला सिंगापूरला आले ते लॅपटॉप छातीशी धरूनच. नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. उभं आयुष्य धरणांवर गेलं. त्या लॅपटॉपमध्ये त्यांचं आत्मचरित्र होतं. पुढच्या महिन्यात पुण्याला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आणि त्याच मांडवात पुस्तकाचं प्रकाशन! पूर्ण झाल्याशिवाय कुणाला एक ओळसुद्धा दाखवायची नाही, असा त्यांचा बाणा. फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

शनिवारी माझी बायको मधुवंती नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये ड्यूटीवर गेली होती. चहा घेता घेता नाना म्हणाले, "शैलेंद्रराव, लॅपटॉप हल्ली जरा दमतो हो. तुम्हाला सवड असेल तर..."

"त्यात काय नाना! चहा संपायच्या आत करून देतो!"

आणि मी एक फुकटचा रजिस्ट्री क्लीनर उतरवून घेतला. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची स्मरणशक्ती. कुठला प्रोग्राम कुठे राहतो, त्याचं लायसन्स कोणतं, हे सगळं ती लक्षात ठेवते. तिथला कचरा काढला की कॉम्प्युटर पळायला लागतो, असं त्या क्लीनरचं म्हणणं. मला ते पटलं. मला न पटायला मी काही वाचलेलंच नव्हतं!

क्लीनरने तपासणी केली आणि पडदा लालभडक झाला. हजारो चुका! नाना खुर्चीत ताठ झाले.

"एवढ्या चुका? अहो, मी तर नुसतं टाइप करत होतो!"

"घाबरू नका नाना. सगळ्या एका फटक्यात दुरुस्त करतो."

तेवढ्यात क्लीनरने विचारलं, आधी बॅकअप घेऊ का? आता सासरे शेजारी बसलेले. सर्जनने पेशंटच्या देखत हात थरथरू द्यावा का? मी ऐटीत 'नको' दाबलं. माझी मुलगी गार्गी मागून जात होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, यू डोन्ट बॅकअप फर्स्ट, मेह?" म्हणजे, आधी बॅकअप नाही घेत की काय?

"गार्गी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!"

लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. नाना म्हणाले, "वा! चपळ झाला की!" झाला होता की नाही देव जाणे, पण जावयाने हात लावलाय म्हटल्यावर ते दुसरं काय बोलणार? मग त्यांनी शेवटचं प्रकरण लिहायला त्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं. ते उघडलं नाही. लायसन्स सापडत नाही, म्हणालं. त्या लायसन्सची नोंद क्लीनरने कचरा समजून काढून टाकली होती!

"कंपनीला फोन करू. नवीन लायसन्स देतील," मी म्हणालो.

"ती कंपनी कधीच बंद पडली हो," नाना हळूच म्हणाले.

"मग फाइल दुसऱ्या कशात तरी उघडू."

उघडली. पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! नानांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि अत्यंत अदबीने विचारलं, "ही नवीन पद्धत आहे का?"

इथे खरं म्हणजे शहाण्या माणसाने हात जोडून थांबायचं. मी काय केलं? पहिल्या क्लीनरने केलेली घाण काढायला दुसरा क्लीनर उतरवला! त्याला आणखी चुका सापडल्या. त्याने त्या काढल्या. मग आवाज गेला. मग वायफाय गेलं. मग माउसचा बाण एका कोपऱ्यात जाऊन बसला, तो हलेचना!

शेवटी मी आमच्या टीममधल्या विक्रांतला फोन केला. तो बिचारा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवत होता. मी गॅलरीत जाऊन, दार लावून, हळू आवाजात सगळं सांगितलं.

"सर, क्लीनर? रजिस्ट्रीचा?"

"हो रे."

"पण सर, तो कुणीही वापरू नये, अशी सगळ्या ऑफिसला मेल गेली होती ना? तुमच्याच नावाने!"

गेली असेल! मेल विक्रांत लिहितो, मी नुसती पाठवतो. वाचायचं काम माझ्याकडे नसतं.

"अहो सर, रजिस्ट्रीत जुन्या नोंदी पडून राहिल्या तरी कॉम्प्युटर हळू होत नाही. काढून फायदा जवळपास शून्य, आणि चुकीची एक निघाली तर कार्यक्रम आटोपला! विंडोजला कालच्या स्थितीत परत नेणारा रिस्टोर पॉइंट तरी आहे का?"

"दुसऱ्या क्लीनरने जागा मोकळी करताना तो पण काढला."

"मग... फाइल आहे, सर. पण ती त्याच सॉफ्टवेअरला वाचता येते. कुणी खटपट केली तर काही महिन्यांनी थोडंफार निघेल. नक्की नाही."

काही महिने! समारंभ पुढच्या महिन्यात! मी गॅलरीतच बसकण मारली. रडावंसं वाटत होतं, खरंच सांगतो.

संध्याकाळी मधुवंती आली आणि तिला सगळं कळलं. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "शैलेंद्र! बाबांचं अख्खं पुस्तक?"

मी मान खाली घालून तयार होतो. मला शिव्या हव्या होत्या! पण नाना मध्ये पडले.

"मधू, त्यांना एक शब्द बोलायचा नाही. जावई आहेत ते. माझंच चुकलं, इतकं जुनं सॉफ्टवेअर वापरायला नको होतं. आणि पुस्तक नसलं म्हणून काय झालं? समारंभाला ओवाळून घ्यायला मी आहे ना?"

असं म्हणून ते हसले आणि रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. लॅपटॉप मी तिथून उचलून कपाटात ठेवला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. पण जावयाच्या कानफटात मारायची आपल्याकडे पद्धत नाही!

"नाना," मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी टाइप करतो. रोज ऑफिसातून आल्यावर. जेवढं होईल तेवढं."

नानांनी खुर्ची ओढली. मी माझा लॅपटॉप उघडला आणि दोन बोटांनी मराठी अक्षरं शोधायला लागलो.

"आधी ऋणनिर्देश घेऊ," नाना म्हणाले. "तो मला तोंडपाठ आहे. लिहा. 'माझे जावई श्री. शैलेंद्र हे कॉम्प्युटर क्षेत्रातील मोठे तज्ज्ञ असून, त्यांच्या मोलाच्या साहाय्याशिवाय हे पुस्तक आजच्या स्वरूपात वाचकांपुढे येऊ शकले नसते.'"

माझी दोन्ही बोटं हवेतच राहिली.

"नाना... हे वाक्य गाळू या का?"

"छे छे, असू द्या," नाना नेहमीच्याच अदबीने म्हणाले. "एवढ्या मोठ्या आत्मचरित्रात एखादी थाप खपून जाते."